चांगला सेटर वेगळं काय करतो? मनुष्यबळ नियोजनासाठी क्षमता शोधण्याची पद्धत

पुढच्या तीन वर्षांत किती माणसं लागतील, हा आकडा बहुतेक कारखान्यांत एचआरवाले एका दुपारी एक्सेलमध्ये काढतात. त्या माणसांना नेमकं काय यायला हवं, हा रकाना त्या शीटमध्ये नसतो. मग भरती होते, हजेरीपट भरतो, आणि सहा महिन्यांनी प्रॉडक्शनवाले येऊन विचारतात, "माणसं दिलीत, सेटर कुठे दिलेत?"

तो रकाना भरायचा कसा, हे इथे सांगितलं आहे. उदाहरण म्हणून भोसरी-चाकण पट्ट्यात शोभेल असं एक मध्यम आकाराचं मशीन शॉप घेऊ: सीएनसी टर्निंगची मशीन (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी, भाग फिरवून कापणारी), थोडे व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन), तीन पाळ्या, गिऱ्हाईक वाहन कंपन्या. भूमिका घेऊ सीएनसी सेटरची. बॅच बदलली की हा माणूस जॉ (भाग पकडणारे जबडे) आणि टूल बदलतो, प्रोग्रॅम चढवतो, ऑफसेट (टूलच्या जागेची मापातली दुरुस्ती) लावतो, फर्स्ट पीस पास करून घेतो आणि मशीन ऑपरेटरच्या ताब्यात देतो. लेखातले माणसांचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. तिथे आपले आकडे टाका.

पद्धतीचा गाभा असा, की चांगल्या माणसाला "तू चांगला का आहेस?" असं विचारायचं नाही. उत्तर येतं, "मेहनत आणि अनुभव." हेच उत्तर मध्यम सेटरही देतो. शोधायचं असतं ते असं वर्तन, जे उत्तम माणसात वारंवार दिसतं आणि मध्यम माणसात क्वचित. त्यासाठी दोन्ही गट समोर हवेत. फक्त उत्तम माणसांशी बोलून केलेली यादी ही सगळ्या सेटरांची यादी असते, कारण वेळेवर येणं, ड्रॉइंग वाचता येणं आणि प्रोग्रॅम समजणं हे दोन्ही गटांत असतं.

ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या हवाई विभागासाठी काम केलेल्या जॉन फ्लॅनगन यांनी 1954 साली 'निर्णायक प्रसंगां'वरून कामगिरी अभ्यासण्याची पद्धत मांडली. 1973 साली डेव्हिड मॅक्लेलंड यांनी बुद्धिमत्ता चाचण्यांऐवजी प्रत्यक्ष कामातल्या क्षमता तपासा, असा मुद्दा लावून धरला. खाली दिलेली मुलाखत याच दोघांच्या पद्धतीवर आधारलेली आहे.

1. एकच भूमिका निवडा

पहिल्या खेपेला दहा भूमिका हातात घेतल्या तर एकही पुरी होत नाही. भूमिका निवडताना तीन प्रश्न विचारा. येत्या तीन वर्षांत तिची गरज वाढणार आहे का? उत्तम आणि मध्यम माणसाच्या कामात मोठा फरक पडतो का? माणूस तयार व्हायला वर्षाहून जास्त वेळ लागतो का? तिन्हींना "हो" आलं तर ती भूमिका घ्या. पॅकिंगमधल्या हेल्परसाठी हा खटाटोप करू नये. तिथे साधं प्रशिक्षण पुरतं. एका भूमिकेला सहा ते आठ आठवडे धरा. शॉपमध्ये सेटर सहा-सातच असतील तर मुलाखतींची तुलना जमणार नाही. तिथे निरीक्षणावर भर द्या.

सुरुवातीलाच प्लँट हेड आणि युनियनचे प्रतिनिधी यांना एकत्र बसवून हेतू सांगा. हे टाळलंत तर पहिल्या मुलाखतीच्या दिवशीच कँटीनमध्ये "कपात होणार" अशी बातमी फिरते, आणि मग मुलाखतीत जो तो सावध बोलतो.

2. 'उत्तम' कोण हे आधी आकड्यांनी ठरवा

बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. सुपरवायझरला नावं विचारली की तो लाडक्यांची नावं देतो, आणि त्यात त्याची लबाडीही नसते. 1920 साली एडवर्ड थॉर्नडाइक यांनी लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले, तेव्हा एका गुणाबद्दलचं चांगलं मत बाकीच्या सगळ्या गुणांवर सांडलेलं दिसलं. नीटनेटका आणि "हो साहेब" म्हणणारा सेटर हुशारही वाटतो.

म्हणून किमान 12 महिन्यांची आकडेवारी घ्या. तीन महिन्यांत एखादी अवघड बॅच वाट्याला आली की चांगला माणूसही खाली दिसतो. सेटरसाठी चार मापं पुरेशी आहेत:

- सेटिंगचा वेळ: आधीच्या बॅचचा शेवटचा चांगला पीस ते नव्या बॅचचा पहिला चांगला पीस. मशीन बंद ते मशीन चालू असा मोजू नका. फर्स्ट पीस तीनदा नापास झाला तरी तो वेळ कागदावर चांगलाच दिसतो.
- सेटिंगनंतरच्या पहिल्या 50 पीसमधलं रिजेक्शन.
- त्याच बॅचमध्ये पुन्हा सेटरला बोलवावं लागलं ते किती वेळा.
- त्या सेटिंगवर नंतर आलेली गिऱ्हाइकाची तक्रार.

हे आकडे कच्चे वापरू नका. जुन्या मशीनवर, पातळ भिंतीच्या जॉबवर (जॉब म्हणजे मशीनवर कापायचा भाग) आणि रात्रपाळीत कोणाचेही आकडे बिघडतात. प्रत्येक सेटिंगची तुलना त्याच जॉबच्या, जमलं तर त्याच मशीनच्या सरासरीशी करा. 'अमुक जॉबवर सरासरीपेक्षा 20 टक्के कमी वेळ' हे बोलतं. 'सरासरी 55 मिनिटं' यातून काहीच कळत नाही.

त्याला जोड म्हणून सहकाऱ्यांचं मत घ्या. प्रत्येक सेटरला आणि क्वालिटीच्या माणसांना चिठ्ठीवर एकच प्रश्न: "अडलेलं सेटिंग सोडवायला तुम्ही कोणाला हाक माराल? दोन नावं लिहा." आकडे आणि चिठ्ठ्या दोन्हींत वर येणारी माणसं उत्तम गटात घ्या. एकातच वर आलेल्यांना सोडून द्या. ती वाईट असतात असं नाही, पण या अभ्यासात ती गोंधळ घालतात.

समजा 24 सेटर आहेत. 6 उत्तम आणि 6 मधले निवडा. तळाचे घेऊ नका. तळाला असण्याची कारणं बहुधा गैरहजेरी, आजारपण, घरची अडचण अशी असतात आणि त्यातून सेटिंगबद्दल काही कळत नाही. एक वर्षापेक्षा कमी काळ सेटरचं काम केलेल्यांनाही वगळा. शक्य असेल तर गेल्या दोन वर्षांत नोकरी सोडून गेलेल्या दोन-तीन चांगल्या सेटरांशीही बोला. थांबलेल्यांकडेच पाहिलं तर 'इथे टिकणं' हाच गुण उत्तमपणाच्या नावाने यादीत शिरतो.

मुलाखत घेणाऱ्याला कोण कोणत्या गटात आहे हे सांगू नका. माहीत असलं की तो उत्तमांना आणखी खोदतो आणि मधल्यांना लवकर सोडतो.

3. प्रसंग विचारणारी मुलाखत

दर माणशी 75 ते 90 मिनिटं, कामाच्या वेळेत, पगारी. जागा एचआरच्या केबिनमध्ये नको. ट्रेनिंग रूम बरी. अनेक सेटर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले असतात, त्यांच्याशी हिंदीत बोला. मराठी येतं म्हणून मराठीत ओढत नेलं तर बारकावे गळतात. रेकॉर्डिंग करायचं असेल तर कशासाठी आणि किती दिवस ठेवणार ते सांगून लेखी संमती घ्या, आणि विश्लेषण संपलं की पुसून टाका.

चार ते पाच प्रसंग काढायचे: दोन-तीन जमलेले, दोन फसलेले, सगळे गेल्या वर्ष-दीड वर्षातले. फसलेले प्रसंग सोडू नका. जमलेल्या प्रसंगात दोन्ही गट सारखेच दिसतात. फरक उघडा पडतो तो काम अडतं तेव्हा.

सुरुवात अशी करा: "दादा, गेल्या वर्षात एखादं सेटिंग अडलं आणि तुम्ही ते सोडवलंत, असा एक दिवस आठवा. कुठलं मशीन होतं? कुठला जॉब?" मशीन आणि जॉबचं नाव आधी काढलं की माणूस आठवणीत शिरतो, भाषण करत नाही. त्यानंतर चारच प्रश्न फिरवत राहा. आधी काय दिसलं? तेव्हा मनात काय आलं? तुम्ही स्वतः काय केलंत? मग काय झालं?

तीन ठिकाणी कान टवकारा. "आम्ही सगळ्यांनी मिळून बघितलं" असं आलं की विचारा, "त्यात तुम्ही पहिल्यांदा कशाला हात लावलात?" "मी नेहमी आधी गेज तपासतो" असं आलं की विचारा, "त्या दिवशी तपासला होता का?" आणि "असं झालं तर तुम्ही काय कराल?" हा प्रश्न तोंडातून निघू देऊ नका. त्यावर प्रत्येकजण ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं आदर्श उत्तर देतो.

कसलं सोनं हाती लागतं याचं एक उदाहरण. पातळ भिंतीचा जॉब, तीन जॉचा चक (जॉब धरणारी पकड). बोअर, म्हणजे आतलं भोक, चकात असताना मापात, पण जॉब सोडवल्यावर असेंब्लीत बसत नाही. मध्यम सेटर ऑफसेट हलवत राहतो. चांगला सेटर सांगतो, "जॉब काढून प्लग गेज घातला, गो बाजू जाईना. डायल बोअर गेजने मात्र व्यास सगळीकडे सारखाच दाखवत होता. तेव्हा कळलं, जॉने दाबून भोक तीन कोनी झालंय. चकाचं प्रेशर कमी केलं, त्याच प्रेशरला सॉफ्ट जॉ पुन्हा बोअर केले." प्लग गेज म्हणजे भोकात घालून बघायचा दांडा; मापातल्या भोकात त्याची गो बाजू गेलीच पाहिजे. डायल बोअर गेज भोकाची समोरासमोरची दोन टोकं मोजतो, आणि अशा गेजला तीन कोनांचा आकार पकडता येत नाही. सॉफ्ट जॉ म्हणजे जॉबच्या मापाला कापून घेता येणारे मऊ जबडे. सेटरच्या या चार वाक्यांत दोन क्षमता आहेत: मापावर विसंबण्याआधी मापकावर शंका घेणं, आणि लक्षण सोडून कारणाकडे जाणं.

4. एक सेटिंग डोळ्यांनी पाहा

सवयीने होणारी कामं माणसाला सांगता येत नाहीत, त्यामुळे मुलाखतीत ती सुटतात. प्रत्येक गटातल्या तिघांचं प्रत्येकी एक सेटिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहा. निरीक्षक आधीची बॅच संपायच्या किमान अर्धा तास आधी पोचला पाहिजे. मोठा फरक तिथेच असतो: चांगला सेटर मशीन चालू असतानाच पुढचे जॉ, इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं), गेज आणि ड्रॉइंग ट्रॉलीवर आणून ठेवतो. मध्यम सेटर मशीन थांबल्यावर स्टोअरकडे निघतो.

आणखी काही जागा पाहा. पहिला कट मापापेक्षा थोडं मटेरियल राखून घेतो का, की थेट शेवटच्या मापाला जातो? इन्सर्टची धार बदलल्यावर पुन्हा माप घेतो का? सुट्टीनंतर थंड मशीनवर पहिल्या अर्ध्या तासातली मापं सरकतात, हे धरून चालतो का? पाळी बदलताना काय लिहून जातो? "जॉब ओके" हा हँडओव्हर नव्हे. "टूल 3 चा ऑफसेट दोनदा मायनस केलाय, धार संपत आली आहे" हा हँडओव्हर.

हातात घड्याळ असलं तरी समोर धरू नका, माणूस घाई करतो.

5. नोंदी वाचून फरक मोजा

एका मुलाखतीची नोंद लिहायला आणि त्यावर खुणा करायला तीन ते चार तास जातात. हा वेळ धरला नाही की काम इथेच अडतं. दोघांनी स्वतंत्रपणे वाचावं, एक एचआरचा आणि एक मशीन शॉप कळणारा. प्रत्यक्ष घडलेल्या प्रत्येक वर्तनावर खूण करायची. मतांवर आणि बढाईवर नाही. नंतर दोघांच्या खुणा जुळवायच्या. चारपैकी एकापेक्षा जास्त ठिकाणी मतभेद असेल तर वर्तनाची व्याख्या ढिली आहे, ती आवळा.

मग साधा तक्ता. प्रत्येक वर्तन उत्तम सहांपैकी कितींत आणि मधल्या सहांपैकी कितींत आढळलं? 6 आणि 5 असं आलं तर ती पायाभूत गरज आहे: भरतीच्या चाळणीत ठेवा, क्षमतांच्या यादीत नको. 5 आणि 1 असं आलं तर ते वेगळेपण दाखवणारं वर्तन आहे. 3 आणि 3 असेल तर सोडा, प्लँट हेडना कितीही आवडत असलं तरी. 1 आणि 5 असं उलटंही कधी येतं, ते जरूर वाचा. मध्यम माणसं ज्याला चांगलं काम समजतात ते बहुधा तिथे दिसतं.

एक सावधगिरी. बारांपैकी सहांमध्ये आढळणारं वर्तन निव्वळ योगायोगाने उत्तम गटाच्या बाजूने 5-1 किंवा 6-0 असं वाटलं जाण्याची शक्यता सुमारे 4 टक्के असते. म्हणजे अशी 25 वर्तनं तपासलीत तर एखादं उगाचच चमकतं. त्यासाठी पुढची पडताळणी लागते.

6. पाच-सहा क्षमता, डोळ्यांना दिसेल अशा भाषेत

सेटरच्या बाबतीत साधारण अशा गोष्टी वर येतात: मशीन चालू असताना पुढची तयारी, कारण शोधताना एका वेळी एकच बदल, मापकावर शंका, शंका असेल तर मशीन थांबवणं, पुढच्या पाळीला पुरेल अशी नोंद, ऑपरेटरला शिकवणं. तुमच्याकडे वेगळ्या येतील, यायलाच हव्यात. सल्लागाराने दिलेली तयार यादी आणि तुमचा तक्ता शब्दशः जुळला तर तक्त्यावर संशय घ्या.

'गुणवत्तेची जाण आहे' असं लिहू नका. दोन परीक्षक त्याचे दोन अर्थ काढतील. 'मापकावर शंका' याच्या चार पातळ्या अशा लिहा:

पातळी 1: दिलेल्या गेजने माप घेतो, आकडा वहीत लिहितो.
पातळी 2: पाळीच्या सुरुवातीला मास्टरवर (नेमक्या मापाच्या प्रमाण नमुन्यावर) गेजचं शून्य तपासतो.
पातळी 3: माप आणि जॉबचं वागणं जुळत नसेल तर दुसऱ्या पद्धतीने मोजून पाहतो, तोवर बॅच रोखतो.
पातळी 4: कोणत्या जॉबला कोणता गेज फसवतो हे इतरांना दाखवतो, कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कशाने आणि किती वेळा तपासायचं त्या तक्त्यात) बदल सुचवतो.

पायाभूत गरजा लिहिताना ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिलने ठरवलेली व्यवसाय-मानकं समोर ठेवा, म्हणजे शून्यातून सुरुवात करावी लागत नाही. वेगळेपण मात्र आपल्याच शॉपमधून यावं लागतं.

7. उरलेल्यांवर पडताळा

मुलाखतीत नसलेले 12 सेटर आता कामाला येतात. दोन सुपरवायझरांनी, आकडे न बघता, त्यांना या पातळ्यांवर बसवावं. मग ही क्रमवारी दुसऱ्या पायरीतल्या आकड्यांशी लावून पाहा. वरचे वर आणि खालचे खाली येत असतील तर यादी खरी. ज्या क्षमतेत क्रम विस्कटतो, ती काढून टाका किंवा तिची भाषा सुधारा.

पहिल्या वर्षी हे गुण पगारवाढीला जोडू नका. जोडलेत की सुपरवायझर सगळ्यांना पातळी 3 देऊन मोकळे होतात आणि नियोजनासाठी लागणारं खरं चित्र हातातून जातं.

8. आता माणसांचा हिशेब

समजा तीन वर्षांनी नवी लाइन धरून 30 सेटर लागणार. आज 24 आहेत. तिघे निवृत्त होतील, वर्षाला दोघे सोडतात म्हणजे सहा जातील. उरले 15, तूट 15. एक्सेलचा हिशेब इथे संपतो.

आता पातळी घाला. अवघड जॉबच्या मशीनवर दर पाळीला पातळी 3 चे चार सेटर लागतात. तीन पाळ्यांचे 12, रजा-सुट्टीसाठी 20 टक्के जास्त धरले की 15. आज पातळी 3 वर 9 आहेत. निवृत्त होणारे तिघेही त्यातलेच, कारण अनुभवी माणसंच आधी निवृत्त होतात. सोडून जाणाऱ्या सहांपैकी दोघे याच पातळीचे धरा. बाहेर मागणी त्यांनाच असते. उरले 4. म्हणजे 15 च्या तुटीमागे पातळी 3 ची 11 जणांची तूट लपलेली आहे, आणि ती कॅम्पस भरतीने भरत नाही.

पातळी 2 वरून 3 वर यायला 18 महिने आणि ऑपरेटरला पातळी 2 चा सेटर व्हायला 12 महिने धरा. तिघांपैकी दोघे पार होतात असं धरलं, तर 11 मिळवायला 17 जणांना वाटेवर लावावं लागेल. राहिलेल्या 15 सेटरांत पातळी 3 च्या खालचे 11 आहेत. सगळे घेतले तरी सहा ऑपरेटर लागतात, आणि त्यांना 30 महिने लागणार. छत्तीस महिन्यांच्या योजनेत त्यांची निवड पहिल्या सहा महिन्यांत झालीच पाहिजे. व्यवस्थापनासमोर ठेवायचा मुद्दा हाच. '15 सेटर हवेत' म्हटलं तर उत्तर येतं, "बघू पुढच्या बजेटला."

खालची फळी भरायला शिकाऊ उमेदवारांकडे गांभीर्याने पाहा. शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) नियमांच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. ती संख्या नाहीतरी भरायचीच असते. ती निवड या क्षमता बघून करा.

9. काय शिकवायचं, काय निवडतानाच बघायचं

हँडओव्हरची नोंद आणि आगाऊ तयारी काही आठवड्यांत अंगवळणी पडते; एक छापील तक्ता आणि चेकलिस्ट लावलेली ट्रॉली पुरे. मापकाची जाण काही महिन्यांत येते. कारण सापडेपर्यंत न सोडण्याची चिकाटी आणि साहेब उभे असतानाही मशीन थांबवण्याची हिंमत या मात्र शिकवून हळूहळूच येतात. त्या निवडतानाच शोधा.

त्यासाठी मुलाखतीपेक्षा प्रत्यक्ष कामाची चाचणी चांगली. शून्य मुद्दाम सरकवलेला बोअर गेज आणि मापात असलेले पाच जॉब उमेदवाराला द्या. शेजारी मास्टर रिंग ठेवा, पण तिचा उल्लेख करू नका. पाचही जॉब रिजेक्ट म्हणून बाजूला ठेवतो, की रिंग उचलून गेज तपासतो, ते 15 मिनिटांत कळतं. चाचणीसाठी मशीनमध्ये बिघाड मात्र करून ठेवू नका. सैल जॉ किंवा चुकीचा ऑफसेट जिवावर बेतू शकतो.

10. यादी शिळी कधी होते

आजचे उत्तम सेटर आजच्या जॉबवर उत्तम आहेत. इलेक्ट्रिक गाड्यांत इंजिनाचे भाग नसतात, म्हणून ज्या शॉपचं काम त्या भागांवर उभं आहे त्याचे जॉब बदलणार. रोबोट लोडिंग आलं की सेटरच्या कामात फिक्स्चर (जॉब जागेवर धरणारी रचना) आणि सेन्सर शिरतात. म्हणून प्लॅनिंग, क्वालिटी, मेंटेनन्स आणि उत्पादन यांतला एकेक जाणकार बसवून प्रत्येक क्षमतेला विचारा: तीन वर्षांनी हिची गरज वाढेल, तशीच राहील की कमी होईल? कमी होणारीवर प्रशिक्षणाचा पैसा घालू नका.

उत्तम गटातली सहाही माणसं एकाच गावची, एकाच वयाची किंवा एकाच सुपरवायझरच्या हाताखालची निघाली, तर दुसऱ्या पायरीवर परत जा. तसंच शॉपमध्ये महिला ऑपरेटर असून सेटरच्या गटात एकही नसेल, तर चाचणी त्यांनाही द्या. आजवर संधीच मिळाली नसेल तर आकडेवारीत त्या दिसणार नाहीत.

यादी दर दोन वर्षांनी, किंवा नव्या प्रकारचं मशीन आल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. तेव्हा 12 मुलाखती लागत नाहीत. नव्या मशीनवरचे दोन उत्तम, दोन मधले आणि प्रत्येकाचं एक सेटिंग डोळ्यांनी पाहणं एवढं पुरतं.